घोडी आणायला मीच गेली

कामठा
२७ नोव्हेंबर २०२४

खुशबूच्या बाबूजींना,

तुमची घोडी आणली. आता सुखानं झोपा.

एवढंच फोनवर सांगणार होती. पण फोनवर तुम्ही पाच मिनिटं बोलता, त्यातली चार तबेल्याच्या गलक्यात जातात. म्हणून डाकघरातून पाकिटं आणली. तिथला बाबू हसला, म्हणाला, "काकू, आजकाल पत्र कोन लिहिते?" मी म्हटलं, "ज्याले मधात कोनी तोडलेलं आवडत नाही, तो लिहिते."

अडीच वर्षांत तुम्ही आपणहून फोन केला तो त्या दिवशी. मी धान कापत होती. पुण्याहून फोन म्हटल्यावर हातातला विळा खाली पडला. वाटलं, काही झालं तुम्हाला. आणि तुम्ही म्हणालात, "मालकानं लंगडी म्हणून इकलेली कजरी सापडली. आपल्या फुलचूरले आहे, वरातीच्या बँडवाल्याकडं. एकानं व्हिडिओ पाठवला. कपाळावरचा पांढरा ठिपका मी लाखात ओळखीन. चमेली, तू जा आन् घेऊन ये. पैसे पाठवतो." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. मग बांधावर बसून राहिली. बायांनी विचारलं, कोणी गेलं का? मी म्हटलं, नाही, कोणी भेटलं.

खरं सांगू? मी तिला आणायला गेलीच नाही. पाहायला गेली. एकवीस वर्षं तुम्ही पुण्याला रेसच्या घोड्यांना धुणारे-चारणारे साईस. मी इथं दोन एकर धान, तुमची आई आणि खुशबू सांभाळली, त्याचं मला काही वाटलं नाही. पोट सगळ्यांनाच आहे. पण खुशबूच्या लग्नाआधीची चार-पाच वर्षं दर दिवाळीला तुम्ही घरी येऊन एकाच घोडीच्या गोष्टी सांगायचे. कजरी दोन दिवसांची होती तेव्हापासून माझ्या हातची. कजरी पळते तेव्हा जमिनीला पाय लावत नाही. कजरी माझ्याशिवाय कोणाच्या हातचं खात नाही. आणि खुशबूच्या लग्नाच्या दिवशी पोट दुखलं तेही कजरीचंच. कन्यादानाला तुमच्या जागी चुलत दीर बिसरामभाऊ बसले. तुम्ही तिसऱ्या दिवशी आलात, मांडव सोडून झाला होता. तर म्हटलं, सवत दिसते तरी कशी, एकदा पाहू.

बँडच्या शेडमागं बांधली होती. दोर एवढा आखूड की मानही खाली जाईना. आयाळीत मागच्या वरातीची प्लास्टिकची फुलं तशीच गुंतलेली. पाठीवर आरशाच्या खोगिराखाली दोन जखमा, त्यावर माश्या. खूर वाढून जुन्या चपलेसारखे पुढं वळलेले. बरगड्या मोजून घ्या. पुढचा डावा पाय ती खरंच जमिनीला लावत नव्हती. दुखत होता म्हणून.

बँडचा मालक योगराज म्हणाला, "भाभी, रेस की घोड़ी है, बस नखरे हैं. ढोल वाजला का बिचकते. एक नवरदेव पाडला तिनं. ले जाओ."

मला वाटलं होतं, तेल लावलेली, मान ताठ केलेली कोणी महाराणी असेल. मला तिचा राग आला आणि तिची ही दशा करणाऱ्यांचाही राग आला. जिच्यापायी माझ्या घरात एवढं मोडलं, ती निदान सुखात तरी असायला पाहिजे होती. नाहीतर ते सगळं कोणासाठी झालं?

पैसे योगराजच्या हातात ठेवले, त्याच्याच मालवाहू टेम्पोत तिला चढवली आणि कामठ्याला आणली. बैलांच्या कोठ्यात बांधली आहे. एवढंच.

चमेली


कामठा
१५ डिसेंबर २०२४

खुशबूच्या बाबूजींना,

घोडी मजेत आहे. तुम्ही सांगितलं तसं भिजवलेला हरभरा देते, हिरवं गवत देते, पाणी भरपूर पिते. नालबंद येऊन गेला. जखमा भरत आल्या.

काल फोनवर तुम्ही विचारलं, ती हिंहिणते का, झोपते कशी, कान कसे ठेवते. मला खोकला होता दहा दिवस. आवाज बसलेला तुम्हाला ऐकू आला नसेल. आता बरी आहे.

चमेली


कामठा
१९ जानेवारी २०२५

खुशबूच्या बाबूजींना,

मागचं पत्र खोटं होतं. खोकल्याचं सोडून सगळं.

हरभरा मी भिजवलाच नाही. डब्यात तसाच होता. बैलांना जे, तेच तिला दिलं. धानाची तणस आणि वरून सुका कोंडा. पाणी दिवसातून एक बादली, तीही मला वेळ असला तर. नालबंद आला नव्हता, मी बोलावलाच नव्हता. अडाणी बाईची चूक झाली असं समजू नका. कोंडा सुका देऊ नको, हे तुम्ही तीनदा सांगितलं होतं. तीनदा सांगितलं म्हणूनच मी दिला. माझ्या हातचं एकवीस वर्षं तुम्ही महिनाभरही सलग खाल्लं नाही, आणि तिचं पथ्य मी पाळावं! ती मान वळवून माझ्याकडं पाहायची आणि मी म्हणायची, पाह्य, राणीसाहेब, आमच्या घरी हेच असते.

संक्रांतीच्या दिवशी सकाळी कोठ्यात गेली तर ती आडवी. थंडीत घामानं भिजलेली. मान वळवून स्वतःच्याच पोटाकडं पाहत होती, उठून पाय आपटायची, परत पडायची. मी दारात उभी राहिली. आता जे लिहिते ते मी कोणाला सांगितलं नाही. माझ्या मनात आलं, जाऊ दे. मी काही केलं नाही, आपोआप गेली, असं सांगता येईल. किती वेळ उभी होती माहीत नाही. तीळ भाजायला ठेवले होते, ते करपल्याचा वास आला तेव्हा भानावर आली.

आमगावच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. दुर्गा बोपचे नाव त्यांचं, तिशीची पोरगी. स्कूटीवर आल्या. नाकातून नळी घालून तेल सोडलं, सुई दिली.

"काय खाऊ घालून राहिले काकू इले?"

मी सांगितलं.

त्यांनी तिच्या पोटाला कान लावला. म्हणाल्या, "तणस पोटात अडकली आहे. बसू देऊ नका. लोळली तर आतडं पिळते, मग कोनाच्यानं काही होत नाही. फिरवत राहा. लीद पडली तर वाचली."

तुम्हाला फोन केला नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घरच्या मानसाले विचारा, त्यांले यातलं समजत असन." मी म्हटलं, त्यांचा फोन लागत नाही. खोटं. मला ते नको होतं. ती वाचायची असेल तर माझ्या हातानं वाचावी, तुमच्या सांगण्यानं नाही. मरायची असेल तरी दोष माझाच राहावा. एवढ्यातही मी तुम्हाला वाटा द्यायला तयार नव्हती. अशी आहे मी.

सकाळपासून दिवस कलेपर्यंत फिरवली. अंगणातून विहिरीपर्यंत, विहिरीपासून देवळाच्या पारापर्यंत आणि परत. शेजारणी तिळगूळ घेऊन आल्या, त्यांना चालता चालताच हात पुढं केला. दुपारी बिसरामभाऊ म्हणाले, "दे इकडं दोर, तू दोन घास खाऊन घे." दिला नाही. ती थांबली की मी ओढायची, मी थांबली की ती माझ्या पाठीवर डोकं टेकवायची. जड असते हो घोड्याचं डोकं. आणि मी बोलत होती तिच्याशी. तुमची आई शेवटी मला ओळखत नव्हती, तुम्हालाच हाका मारायची, ते सांगितलं. खुशबू सासरी निघाली तेव्हा दाराकडं पाहत होती, ते सांगितलं. तुम्हाला न सांगितलेलं सगळं तिला सांगून झालं. कान माझ्याकडं वळवून ऐकत होती. तुम्ही कधी असे कान वळवले नाहीत.

दिवस बुडायच्या आधी पारापाशी लीद पडली. मी तिथंच खाली बसली आणि रडली. लीद पाहून रडणारी बाई कामठ्यात मी पहिलीच असेन.

लग्नाच्या दिवशी तुम्ही तिकडं काय केलं असेल, ते त्या संध्याकाळी मला समजलं. समजलं म्हणजे माफ केलं, असं समजू नका.

चमेली


कामठा
९ मार्च २०२५

खुशबूच्या बाबूजींना,

हे पत्र खरं आहे. हरभरा रात्री भिजवते, सकाळी देते. नालबंद खरंच आला, गोंदियाहून. दोन वेळा खूर तासले. पाठीच्या जखमा भरल्या, तिथं पांढरे केस आले. सकाळी खरारा करते तेव्हा तिचं अंग भिजल्या गुळासारखं चमकते. डावा पाय टेकते, पण घाईनं वळली की लंगडते.

चमकायला लागली तर माणसं दिसायला लागली. मागच्या आठवड्यात योगराज आला. "भाभी, ये तो फिर हिरोइन बन गई! लग्नाचा सीझन आहे, दे दो वापस. तुमचे पैसे तर देतोच, वरून काही ठेवतो." मी म्हटलं, "भाऊ, अगोदर तिच्या पाठीवर हात ठेवून दाखव." तो जवळ गेला तर तिनं कान मागं पाडले आणि दात दाखवले. चहा न पिता गेला. मला एवढी खुशी झाली! माझ्यासाठी आजवर कोणी कोणाला दात दाखवले नव्हते.

परवा खुशबू आली, पोरीला घेऊन. तुमची नात दीड वर्षाची झाली, चालते. खुशबू अंगणात आली, कजरीला पाहिलं आणि तिथंच थांबली.

"हेच का ते?"

मी म्हटलं, "हो."

"आन् तू तिले कवटाळून बसली? माय, तुले काही वाटते का?"

पोरीनं त्या दिवशी घरात पाणीही घेतलं नाही. नात हात पुढं करून घोडीकडं जाऊन राहिली होती, तिला खुशबूनं उचलून घेतलं. जाताना म्हणाली, "इकून टाक तिले. माह्या बापाले माही किंमत एका घोडीएवढी नाही असं मले वाटत होतं. आता तर माह्या मायलेही नाही." आणि सासरी, आमगावच्या बसमध्ये बसली.

ती गेल्यावर मी पुष्कळ विचार केला. एक गोष्ट मी पोरीला कधी सांगितली नाही, तुम्हीही सांगितली नाही. लग्नानंतर तुम्ही आले तेव्हा माफी मागायला तोंड उघडलं होतं. मीच म्हटलं, "जा, घोडीकडंच राहा. या दारात परत येऊ नका." पोरीला वाटते बाप आपणहून येत नाही. मी तिला तसंच वाटू दिलं. ती सगळी माझ्या बाजूनं राहावी म्हणून.

तुम्ही एप्रिलमध्ये दहा दिवसांची सुट्टी काढून येतो म्हणालात. या. मी नको म्हणणार नाही.

चमेली


कामठा
४ मे २०२५

खुशबूच्या बाबूजींना,

तुम्ही महाराष्ट्र एक्सप्रेसनं गेलात त्याला आज बारा दिवस झाले. इथं जे घडलं ते तुम्हीही पाहिलं. पण तुम्हाला जे दिसलं नाही ते लिहिते.

तुम्ही आलात त्या सकाळी मी दोन वेळा लुगडं बदललं. तुमच्या आवडीची वांग्याची भाजी केली. ऑटो थांबल्याचा आवाज आला, मी दारात आली. तुम्ही अजून रस्त्यावरच होते, ऑटोवाल्याशी भाड्याचं बोलत होते, आणि कोठ्यातून कजरी ओरडली. हिंहिणली नाही, ओरडली. पाच महिन्यांत तिचा तसा आवाज मी एकदाही ऐकला नव्हता. दोर ताणून, मागच्या पायांवर उभी राहून. तुम्ही पिशवी टाकली आणि माझ्यासमोरून पळत गेलात. तिनं तुमच्या खांद्यावर मान टाकली, तुम्ही तिच्या आयाळीत तोंड घातलं, आणि तुमची पाठ हलत होती.

मी दारातच. तुम्हाला वाटलं असेल, जुनंच जळणं. मलाही अगोदर तसंच वाटलं. पण नाही. पहिल्यांदा मी तुमच्यावर जळत होती. तिच्यावर नाही. संक्रांतीला दिवसभर फिरवली मी, हरभरा भिजवला मी, जखमांवर हळद लावली मी, आणि ती तुम्हाला पाहून वेडी झाली. मनात आलं, माझी वस्तू कोणी परका घेऊन चालला. स्वतःच्या नवऱ्याला परका म्हटलं मी मनात. मग जेवायला वाढताना तुमच्या ताटात वांग्याची भाजी कमी वाढली. तुमच्या लक्षात आलं नाही.

पाचव्या दिवशी तुम्ही म्हणालात, "पुण्याच्या बाहेर एक शाळा आहे, लेकरांले घोड्यावर बसायले शिकवतात. मालक मले ठेवून घेते म्हणते. कजरीलेही. चारा-पाणी, डॉक्टर, सारं त्याईचं. उद्या ट्रक येऊन राहिला." तुम्ही खूश होऊन सांगत होते. मला विचारलं नाही, सांगितलं. तुम्ही तिला घेऊन जाणार, दोघं तिथं राहणार, आणि मी इथं पहिल्यासारखी. मी म्हटलं, "बरं." फुलचूरच्या वेळी म्हटलं तसंच.

तुम्हाला वाटलं ती दोर तोडून पळाली. नाही. तुम्ही सकाळी बिसरामभाऊंसोबत नदीवर गेलात तेव्हा मी तिला सोडलं आणि मागच्या पांदणीनं निघाली. कुठं जायचं ते ठरवलं नव्हतं. माहेरी आता कोणी नाही. पाय आमगावच्या रस्त्याला लागले.

चार तास चाललो. ऊन चढलं तशी ती लंगडायला लागली. वाटेत एका हापशीवर दोघींनी पाणी प्यायलं, तिथल्या बाईनं विचारलं, "कुठं नेऊन राहिल्या वो घोडी?" मी म्हटलं, लेकीकडं. तोंडातून निघाल्यावर मलाच धक्का बसला. ज्या पोरीनं हिच्यामुळं माझ्या घरचं पाणी घेतलं नाही, तिच्याच दारात मी हिला नेत होती.

खुशबूनं दार उघडलं. मी घामानं भिजलेली, चप्पल तुटलेली, हातात दोर. मी म्हटलं, "तुहे बाबूजी इले पुण्याले घेऊन चालले. मी देणार नाही."

तिनं घोडीच्या पायाकडं पाहिलं, माझ्या पायाकडं पाहिलं. आत गेली आणि बादली घेऊन आली. "पाणी तर पेईन ना हे?" मग कडुनिंबाखाली स्वतःच्या हातानं बांधली. माझ्यासाठी खाट टाकली. तेव्हा मी तिला ते सांगितलं, तुमच्या माझ्यातलं. परत येऊ नका म्हणून मीच म्हटलं होतं, ते. तिनं पोरीला मांडीवरून खाली ठेवलं. म्हणाली, "तीन वर्षं तू मले हे सांगितलं नाही, माय." तिच्या डोळ्यांत माझ्यासाठी जे होतं ते काही चांगलं नव्हतं. मी मान खाली घातली.

मग तिनं तुम्हाला फोन लावला. मला वाटलं ती ओरडेल. ती शांतपणे म्हणाली, "बाबूजी, घोडी माह्या घरी आहे. न्यायची असन तर या."

तुम्ही बिसरामभाऊंच्या गाडीवर आलात. फाटकात तुम्हाला पाहून कजरी परत ओरडली. तुमचे पाय तिकडं वळले होते, आणि खुशबू मधात उभी राहिली. "अगोदर पाय धुवा. चहा घ्या. घोडी पळून नाही चालली." तुम्ही पाय धुतले. लग्नानंतर पहिल्यांदा तिच्या घरात पाटावर बसलात.

तुम्ही म्हणालात, "खुशबू, त्या दिवशी माहं तिकीट होतं. कपडे भरले होते. पन ते लोळत होती. दुसरं कोनी नव्हतं तिच्याजवळ."

खुशबू म्हणाली, "आन् माह्याजवळ बाप म्हणून दुसरं कोन होतं?"

तुम्ही उत्तर दिलं नाही. दिलं असतं तर मला वाटते तिनं तुम्हाला उठवलं असतं. तुम्ही फक्त मान हलवली, नाही, कोणी नव्हतं, अशी. आणि रडलात. घोडीच्या आयाळीत रडलात तसं नाही. तोंड न लपवता, पोरीसमोर. नात आली आणि तुमच्या मिशा ओढायला लागली. खुशबू ते पाहून हसली आणि लगेच पदर तोंडाला लावून आत गेली. तो चहा मग मीच केला.

संध्याकाळी ट्रकवाल्यानं तिला कामठ्याला सोडलं आणि तुम्ही त्याला रिकामाच परत पाठवला. मला काही म्हणाला नाहीत, भांडला नाहीत. सुट्टी संपून पुण्याला जाताना रेल्वेच्या डब्यातून फक्त म्हणालात, "पाय सुजला आहे तिचा, शेक दे." तुम्ही गेल्यावर मी फलाटावर उभी राहिली. जिंकली होती ना मी! घोडी माझी झाली. मग असं काऊन वाटलं की हातात दोराचं नुसतं टोक राहिलं?

शेक देऊन राहिली. सूज उतरली.

चमेली


कामठा
१३ जुलै २०२५

खुशबूच्या बाबूजींना,

धानाची रोवणी अर्धी झाली. गुडघाभर चिखलातून आल्यावर लिहायला बसली आहे, अक्षर वाकडं येईल.

परवा फोनवर तुम्ही विचारलं, "नोकरी सोडून घरी येऊ का?" मी म्हटलं, पत्रात लिहिते. तुम्ही हसलात. पण हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही, म्हणून दोन दिवस विचार केला.

आधी एक कबुली. डॉक्टरीणबाई मागच्या महिन्यात येऊन गेल्या. पाय दाबून पाहिला, चालवून पाहिली. म्हणाल्या, "पळवायची नाही कधी. पन हळू चालली तर चालते, हलकं ओझंही चालते." मी विचारलं, "हलकं म्हणजे केवढं?" त्या म्हणाल्या, "तुमच्याएवढं." आणि गेल्या.

तेव्हापासून मी तिच्यावर बसते. लुगड्याचा काचा मारून, पाठीवर पोतं टाकून, कालव्याच्या बांधावर. पहिल्या दिवशी देवळाच्या पारावरून चढली तर पलीकडच्या बाजूनं पडली. कमरेला लागलं. बिसरामभाऊ म्हणाले, "या वयात काय वो हे?" दुसऱ्या दिवशी परत चढली. आता बांधाच्या शेवटापर्यंत जाऊन येते. वरून आपलं शेत वेगळंच दिसते हो. रोवणीच्या बाया हात कमरेवर ठेवून पाहतात आणि हसतात. मग त्यातलीच एखादी म्हणते, "चमेलीबाई, मले बसवजो एक डाव."

तुम्ही एकदा सांगितलं होतं, साईसाला घोड्यावर बसायची परवानगी नसते. एकवीस वर्षं तुम्ही धुतलं, चारलं, पायाला पट्ट्या बांधल्या, आणि वर बसला दुसराच. कजरीवर तुम्ही एकदाही बसला नाहीत. मी बसली. हे तुम्हाला लागेल, मला माहीत आहे. लागावं म्हणूनच आधी लिहिणार होती. आता लिहिताना वाटते, तुम्हीही एक दिवस बसावं. तुमचं वजन जास्त आहे, तेवढं अगोदर कमी करा.

खुशबू महिन्यातून दोनदा येते. पाणी घेते, जेवतेही. माझ्याशी पहिल्यासारखी नाही बोलत. ते माझं मी पाहीन. पोरीला कजरीसमोर उभी करते आणि म्हणते, "हे आजोबाची घोडी." मी म्हणते, "आजीची." ती म्हणते, "तुम्ही दोघं अगोदर ठरवा."

तर मी ठरवलं. तुमच्यावर जळणं माझं थांबलं नाही. तुम्ही दारात आले की ती तशीच ओरडेल आणि मला परत जाळेल. तिच्यावर जळणंही पूर्ण गेलं नाही. तुम्ही तिला हाक मारता तसा आवाज मला कोणासाठी काढलेला ऐकू आला नाही. पन्नाशीला आली, आता माझ्यात बदल होणार नाही. तुम्हाला चालत असेल तर या. चालत नसेल तर पुण्यालाच राहा, ती शाळा चांगली आहे म्हणता.

आले तर एवढं पक्कं समजा. सकाळ माझी. खरारा, हरभरा, बांधावरची फेरी, ह्यात तुम्ही शिकवायला यायचं नाही. मी चुकीचं करत असली तरी नाही. संध्याकाळ तुमची. तेव्हा मी कोठ्याकडं पाहणारही नाही, चुलीपाशी राहीन, तुम्हाला काय बोलायचं ते तिच्याशी बोला. दुपारी ती कोणाचीच नसते. चिंचेखाली एकटी उभी राहते, एक पाय ढिला सोडून, डोळे अर्धे मिटून. त्या वेळी तिच्याजवळ मी जात नाही, तुम्हीही जायचं नाही.

दुपारी आपण दोघं घरात बसू. काय बोलायचं ते मला अजून माहीत नाही.

चमेली